पहारा उठल्यावर

ह्यूस्टनला जूनच्या १९ तारखेला आता ऑफिसला सुट्टी असते. २०२१ पासून ‘जूनटीन्थ’ ही अमेरिकेची राष्ट्रीय सुट्टी झाली, आणि ती जिथून सुरू झाली ते गॅल्व्हेस्टन आमच्यापासून तासाभरावर. १९ जून १८६५ ला तिथे जनरल ग्रेंजर या केंद्रीय फौजेच्या अधिकाऱ्याने हुकूम काढला की टेक्सासातले सगळे गुलाम मुक्त झाले आहेत. लिंकनचा जाहीरनामा निघून तोवर अडीच वर्षं झाली होती, पण टेक्सासात तो पाळायला लावणारं कुणी नव्हतं. सुट्टीच्या दिवशी मिरवणुका निघतात, बार्बेक्यू होतो, लाल सरबतं प्यायली जातात. तो हुकूम शेवटपर्यंत वाचणारे मात्र थोडे. खरं तर जेमतेम चार वाक्यांचा आहे. आधी मुक्तीची बातमी, मग पूर्वीचे मालक आणि पूर्वीचे गुलाम यांचे हक्क सर्वस्वी समान असल्याची ग्वाही. आणि त्याला जोडून लगेच सल्ला: आहात तिथेच गुपचूप राहा आणि मजुरी करा, लष्करी ठाण्यांभोवती गर्दी करू नका, बसून खाणाऱ्याला कुणी पोसणार नाही.

पिढ्यान्‌पिढ्या फुकट राबलेल्या माणसांना आळशीपणाबद्दल ताकीद! मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसूच आलं. पण पुढच्या शंभर वर्षांची सगळी मेख या हुकुमात आहे असं आता वाटतं. वरच्या दोन वाक्यांसाठी झगडणारे एकीकडे, आणि ‘आहात तिथेच राहा’ याच्यावर बोट ठेवून बसलेले दुसरीकडे.

सल्ला त्यांनी ऐकला नाही, हे सांगायला हवं. दुसऱ्या राज्यात विकलेली बायको, आईच्या मांडीवरून उचलून नेलेलं पोर शोधायला लोक पायी निघाले. चर्चच्या वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या: माझ्या आईचं नाव अमुक, आम्हाला तमक्याने विकलं, कुणाला ठाऊक असेल तर कळवा. अशा जाहिराती पुढे कित्येक वर्षं येत राहिल्या. म्हाताऱ्या माणसांनी नातवंडांच्या शेजारी बसून अक्षरं गिरवली. इथे ह्यूस्टनमध्ये १८७२ साली मुक्त झालेल्या लोकांनी पै-पैसा जमवून दहा एकर जमीन विकत घेतली, केवळ दरवर्षी मुक्तीचा दिवस साजरा करायला हक्काची जागा असावी म्हणून. इमॅन्सिपेशन पार्क आजही आहे.

दुसऱ्या बाजूनेही वेळ घालवला नाही. शेजारच्या लुइझियानात ऑपलूसस नावाचं गाव आहे. यादवी युद्ध संपून तीन महिने होत नाहीत तोच तिथल्या नगरमंडळाने नियम केला: गोऱ्या मालकाच्या परवानगीची चिठ्ठी असल्याशिवाय कुणा कृष्णवर्णीयाने गावात पाऊल टाकायचं नाही, आणि चिठ्ठीत कशासाठी आला आणि किती वेळासाठी हे लिहिलेलं पाहिजे. गावात घर भाड्याने घेणं कुठल्याच परिस्थितीत चालणार नाही. मिसिसिपीत कायदा झाला की दर जानेवारीत प्रत्येक मुक्त माणसाने आपल्याला काम असल्याचा लेखी पुरावा दाखवायचा. नसला तर तो भटक्या, म्हणजे गुन्हेगार. साखळी काढली आणि तिच्या जागी कागद आला.

हे पाहून वॉशिंग्टनमधली काँग्रेस खवळली. गुलामगिरी रद्द करणारी तेरावी घटनादुरुस्ती १८६५ ची. तिच्या पाठोपाठ नागरिकत्व आणि कायद्याचं समान संरक्षण देणारी चौदावी आली (१८६८), मग वर्णावरून मताधिकार हिरावता येणार नाही असं सांगणारी पंधरावी (१८७०). दक्षिणेत फौज होती म्हणून या दुरुस्त्यांना दात होते. त्या दहा-बारा वर्षांत सुमारे दोन हजार कृष्णवर्णीय माणसं लहानमोठ्या अधिकारपदांवर बसली. १८७२ च्या डिसेंबरात पिंचबॅक नावाचा कृष्णवर्णीय माणूस पाचेक आठवडे लुइझियानाचा गव्हर्नर होता.

आणि याच सुमारास, १ जून १८७३ ला, पुण्यात जोतिराव फुल्यांचं ‘गुलामगिरी’ निघालं. अर्पण कुणाला, तर युनायटेड स्टेट्समधल्या सदाचारी लोकांना. त्यांनी गुलामांना मुक्त करण्यात जे औदार्य दाखवलं त्याचा कित्ता माझ्या देशबांधवांनी शूद्रांच्या बाबतीत घ्यावा म्हणून. आपल्याकडच्या भाषणांत ही अर्पणपत्रिका हमखास येते, आणि भाषण तिथेच थांबतं. पुढे त्या सदाचारी लोकांनी काय केलं हे विचारायला कुणी थांबत नाही. मीही अमेरिकेत येऊन बरीच वर्षं झाल्यावर विचारलं, आणि उत्तराची एक तारीख मिळाली: १३ एप्रिल १८७३. पुस्तक निघायच्या बरोबर सात आठवडे आधीचा ईस्टरचा रविवार. गाव कोलफॅक्स, लुइझियाना.

गेल्या वसंतात आम्ही दोघं गाडी काढून तिकडे गेलो. रात्री नॅकटश या जुन्या फ्रेंच गावात मुक्काम केला. तिथली मीट पाय प्रसिद्ध आहे. दिसायला हुबेहूब आपली करंजी, आत मात्र खिमा. सकाळी रेड रिव्हरच्या काठाकाठाने कोलफॅक्सला पोचलो. वस्ती दीड हजाराच्या आत. पेकनची झाडं, रेल्वेचे रूळ, बरीच बंद दुकानं. १८६९ मध्ये नवा पॅरिश (आपल्याकडचा तालुका म्हणा) काढून त्याला राष्ट्राध्यक्ष ग्रँटचं नाव दिलं आणि मुख्य गावाला उपराष्ट्राध्यक्ष कोलफॅक्सचं. जणू नावांनीच संरक्षण होणार होतं.

गावच्या दफनभूमीत एक संगमरवरी स्तंभ आहे, माणसाच्या दुप्पट उंचीचा, १९२१ साली उभारलेला. त्याच्यावर तीन नावं आणि खाली मजकूर: गोऱ्यांच्या वर्चस्वासाठी लढताना कोलफॅक्सच्या दंगलीत पडलेल्या वीरांच्या स्मरणार्थ. आडपडदा नाही, सारवासारव नाही. नवरा म्हणाला, “अगं, हे खरंच असं कोरलंय?” अक्षरं नीट, खोल, महागाची होती. कुणीतरी मजकूर लिहिला असेल, कुणी वर्गणी काढली असेल, गवंड्याने विचारून घेतलं असेल की शेवटची ओळ ठेवायची ना. मला त्या स्तंभापेक्षा ती बैठक जास्त डोळ्यांसमोर आली.

घडलं ते असं. १८७२ ची राज्याची निवडणूक दोन्ही पक्षांनी आपणच जिंकल्याचं जाहीर केलं, आणि प्रत्येक पॅरिशमध्ये दोन-दोन न्यायाधीश, दोन-दोन शेरीफ. कोलफॅक्सचं कोर्ट म्हणजे एका उसाच्या मळ्याचा जुना विटांचा तबेला. रिपब्लिकन पक्षाचे लोक, म्हणजे मुख्यतः कृष्णवर्णीय शेतकरी आणि मजूर, त्या कोर्टाचा ताबा घेऊन बसले. ५ एप्रिलला जेसी मॅकिनी नावाचा शेतकरी आपल्या घराचं कुंपण दुरुस्त करत होता. घोड्यांवरून आलेल्या गोऱ्यांनी त्याला तिथेच गोळी घातली. भांडणाशी त्याचा काही संबंध नव्हता. त्यानंतर आसपासची माणसं बायकापोरांसकट जिवाच्या भीतीने कोर्टाकडे आली. पुरुषांनी कोर्टाभोवती उथळ चर खणला. बंदुका थोड्या, दारूगोळा त्याहून थोडा.

रविवारी नॅश नावाच्या माणसाच्या हाताखाली दीडशेच्या आसपास सशस्त्र गोरे आले, सोबत एक छोटी तोफ. बायकामुलांना निघून जायला वेळ दिला. मग तोफ चालली, चरातले लोक पांगले, उरलेले कोर्टात शिरले. छपराला आग लावली. आतून कुणी सदऱ्याची बाही हलवली, कुणी कागद, शरण आलो म्हणून. बाहेर येणाऱ्यांवर गोळ्या सुरू झाल्या. जे पकडले गेले त्यांना अंधार पडल्यावर दोघादोघांच्या जोड्या करून चालवत नेऊन मारलं. मेले किती, यावर आजही एकमत नाही; ६० पासून १५० पर्यंत आकडे दिले जातात. गोरे मेले तीन, तेच स्तंभावरचे. त्यातल्या एकाला तरी आपल्याच माणसांची गोळी लागली असावी असं बऱ्याच इतिहासकारांना वाटतं. दोन दिवसांनी न्यू ऑर्लिन्सहून अधिकारी पोचले तेव्हा प्रेतं उघड्यावरच होती. बरीचशी त्यांनी स्वतः खणलेल्या चरात पुरली गेली.

लेव्ही नेल्सन त्या रात्रीच्या रांगेत होता. गोळी लागली, पण मेला नाही. मेल्यासारखा पडून राहिला आणि मग सरपटत निघून गेला. पुढे न्यू ऑर्लिन्सच्या केंद्रीय न्यायालयात उभं राहून त्याने साक्ष दिली. ज्या मुलखात कालपर्यंत गोऱ्याविरुद्ध गुलामाची साक्ष धरली जात नव्हती, तिथे. मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात मोठं धाडस हे वाटतं. चरात बंदूक घेऊन बसायला चार सोबती असतात; साक्षीच्या पिंजऱ्यात माणूस एकटाच, आणि नंतर परत त्याच गावाकडे जायचं.

बेकविथ या केंद्रीय वकिलाने ९७ जणांवर आरोप ठेवले. पकडले गेले नऊ, दोषी ठरले तीन. आरोप खुनाचा नव्हता, कारण खून हा राज्याच्या अखत्यारीतला गुन्हा आणि राज्यात खटला उभा राहणं अशक्य. म्हणून आरोप असा की यांनी कट करून लेव्ही नेल्सन आणि अलेक्झांडर टिलमन या नागरिकांना घटनेने दिलेले हक्क हिरावले. टिलमन त्या दिवशी मेला होता. दोषींनी अपील केलं, आणि २७ मार्च १८७६ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. हा निकाल मी रविवारी दुपारी चहा घेऊन वाचायला बसले आणि चहा तसाच राहिला. त्यात रक्त कुठेच नाही. शांत, स्वच्छ, तर्कशुद्ध भाषा. चौदावी दुरुस्ती राज्य सरकारांना बांधते, व्यक्तींना नव्हे. माणसाने माणसाला मारलं तर त्याने राज्याकडे जावं. शिवाय हे सगळं वर्णामुळे झालं असं आरोपपत्रात नीट म्हटलेलंच नाही. तिघं सुटले. राज्याकडे जा, असं ज्या राज्याबद्दल म्हटलं त्या राज्याने एकालाही कधी शिक्षा केली नाही.

मी वकील नाही, पण सरकारी कामात आयुष्य घालवलेल्या वडिलांची मुलगी आहे. ‘हे आमच्या टेबलावरचं काम नाही’ हे वाक्य मी ओळखते.

पुढचं मग घसरणीला लागलं. १८७४ मध्ये लुइझियानात ‘व्हाइट लीग’ ही गोऱ्यांची सशस्त्र संघटना उभी राहिली. तिला तोंडावर बुरखा घ्यायचीही गरज वाटली नाही. उत्तरेतले लोक तोवर कंटाळले होते. ‘सदाचारी लोक’ कंटाळतात, ही गोष्ट इतिहासात फार कमी वेळा मोजली जाते. राष्ट्राध्यक्षपदाच्या वादग्रस्त निवडणुकीचा सौदा झाला आणि २४ एप्रिल १८७७ ला न्यू ऑर्लिन्समधल्या उरल्यासुरल्या केंद्रीय सैनिकांनी राज्याच्या विधानभवनाजवळचा पहारा उठवला. दुरुस्त्या घटनेत तशाच राहिल्या. त्यांचे दात तेवढे गेले.

शेतावर काय झालं, ते सांगायला मला परदेशी उदाहरण लागत नाही. जमीन मिळाली नाही, तेव्हा मुक्त माणूस अर्धेलीने कसू लागला. बी, अवजार, मीठ, पीठ, कापड सगळं मालकाच्या किंवा गावच्या दुकानातून उधार. पिकावर आधीच बोजा. हंगाम संपला की हिशेब, आणि वही मालकाची. दहा वर्षं राबून माणूस पहिल्या वर्षापेक्षा जास्त कर्जात निघायचा. ‘वहीत तसंच आहे’ म्हटलं की विषय संपला. माझं आजोळ सुप्याच्या जवळचं. १२ मे १८७५ ला तिथल्या शेतकऱ्यांनी सावकारांची खतं भर बाजारात जाळली. त्या कर्जामागे अमेरिकेच्या यादवी युद्धाचा धागा आहे: दक्षिणेचा कापूस बंद पडला तेव्हा आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, त्या भरवशावर पत वाढली, आणि १८६५ ला युद्ध संपताच भाव कोसळले. लुइझियानातल्या कुळांना वह्या जाळायची सोय नव्हती. जाळणाऱ्याचं काय होतं ते त्यांनी कोलफॅक्सला पाहिलं होतं.

मताचा अधिकार मारायला तर गोळीही लागली नाही. १८९८ च्या राज्यघटनेत लुइझियानाने लिहिण्या-वाचण्याची किंवा मालमत्तेची अट घातली, आणि गरीब-निरक्षर गोरे अडकू नयेत म्हणून पळवाट ठेवली: ज्याचा बाप किंवा आजा १ जानेवारी १८६७ पूर्वी मतदार होता त्याला अट लागू नाही. त्या तारखेपूर्वी कुठल्या कृष्णवर्णीयाचा बाप-आजा मतदार नव्हता, हे उघड आहे. १८९६ ला राज्यात १,३०,३३४ कृष्णवर्णीय मतदार नोंदलेले होते; १९०४ ला उरले १,३४२.

तरी माणसं गप्प बसली नाहीत. रेल्वेत वेगळे डबे करणाऱ्या कायद्याविरुद्ध न्यू ऑर्लिन्समधल्या नागरिकांनी समिती काढली, वर्गणी जमवली आणि १८९२ मध्ये होमर प्लेसी या जोडे बनवणाऱ्या तरुणाला मुद्दाम गोऱ्यांच्या डब्यात बसवलं. अटक करणारा गुप्तहेरही समितीनेच ठरवलेला होता, म्हणजे नेमक्या त्याच कायद्याखाली खटला व्हावा. इतकं आखूनही १८९६ ला सर्वोच्च न्यायालयात सात विरुद्ध एक अशी हार झाली, आणि ‘वेगळे पण समान’ हे देशाचं धोरण झालं. जून १९५३ मध्ये बॅटन रूजला लोकांनी बसवर बहिष्कार टाकला; फुकट गाड्यांची सोय केली, माणसं कामावर वेळेत पोचवली. आठवडाभरच चालला तो, पण दोन वर्षांनी माँटगोमेरीत तसाच बहिष्कार सुरू झाला तेव्हा मार्टिन ल्यूथर किंगने बॅटन रूजचा बहिष्कार चालवणाऱ्या जेमिसनना विचारून घेतलं की गाड्यांचं गणित कसं बसवलंत. आपण किंग यांची भाषणं ऐकतो. मला मात्र कुठली मोलकरीण कुठल्या कोपऱ्यावर किती वाजता उभी राहील याची यादी करणाऱ्यांबद्दल जास्त ऐकायला आवडलं असतं.

आता न्यूयॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ. बाबासाहेब आंबेडकर तिथे १९१३ ते १९१६ होते, कृष्णवर्णीयांची वस्ती असलेलं हार्लेम तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. त्याच विद्यापीठात तेव्हा डनिंग नावाचे प्राध्यापक आणि त्यांचे शिष्य इतिहास लिहीत होते की मुक्त गुलामांना मत देणं हीच घोडचूक होती, आणि दक्षिणेच्या गोऱ्यांनी सत्ता परत घेतली तेव्हा कारभार रुळावर आला. हाच इतिहास पिढ्यांनी क्रमिक पुस्तकांतून वाचला. १९५० साली लुइझियाना सरकारने कोलफॅक्सच्या कोर्टासमोर फलक लावला, त्यातही हाच सूर: तीन गोरे आणि १५० निग्रो ठार, आणि या घटनेने दक्षिणेतला परक्यांचा गैरकारभार संपला. १५० माणसं मेल्याचा आकडा फलकावर आहे, आणि तो अभिमानाने आहे.

बाबासाहेबांनी ती गोष्ट उलट बाजूने वाचली. १९४५ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात त्यांनी अमेरिकन यादवीनंतर कृष्णवर्णीयांचं काय झालं हे सांगून बजावलं की अस्पृश्यांना त्यांची गत विसरता येणार नाही. आधी स्वातंत्र्य मिळू द्या, तुमचं नंतर बघू, म्हणणाऱ्यांना त्यांचं हे उत्तर होतं: पहारा आधी लिहून द्या. पुढच्याच वर्षी त्यांनी डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस या कृष्णवर्णीय विचारवंताला पत्र धाडलं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केल्याचं वाचलं, त्याच्या प्रती मिळाल्या तर बरं, अस्पृश्यांकडूनही तसं करण्याचा विचार आहे. दोघांच्या स्थितीत इतकं साम्य आहे की तुमचा अभ्यास आम्हाला स्वाभाविकच नव्हे तर आवश्यक आहे, असं त्यात आहे. डू बॉइसनी ३१ जुलै १९४६ ला उत्तर दिलं. जोतिरावांनी अमेरिकेला पुस्तक अर्पण केलं तेव्हा ते मुक्ती देणाऱ्यांशी बोलत होते. बाबासाहेब ज्याच्याशी बोलले तो मुक्ती मिळालेल्यांच्या बाजूचा होता. मला हा फरक त्या अर्पणपत्रिकेइतकाच मोलाचा वाटतो.

कोर्टासमोरचा फलक २०२१ मध्ये काढला. २०२३ च्या १३ एप्रिलला गावात काळ्या ग्रॅनाइटचं स्मारक झालं, त्यावर ज्यांची नावं शोधून काढता आली अशा ५७ मृतांची नावं. जेसी मॅकिनीचा एक वंशज आणि हल्लेखोरांपैकी एकाचा वंशज, दोघांनी मिळून ते उभं केलं. संगमरवरी स्तंभ आम्ही गेलो तेव्हा दफनभूमीत होताच.

परत आल्यावर मंडळाच्या एका कार्यक्रमात मी हे थोडक्यात सांगितलं. जेवणाच्या रांगेत एक काका भेटले, इथे येऊन पन्नासहून जास्त वर्षं झालेले. “बोललीस छान. पण आपण इथे शिकून, कष्टाने आलो. यांच्या भांडणात आपल्याला कशाला ओढतेस?”

मी विचारलं, “काका, तुम्ही आलात कधी?”

“एकोणसत्तरला.”

१९६५ पर्यंत साऱ्या भारताला मिळून अमेरिकेचा कोटा वर्षाला सुमारे १०० माणसांचा होता. ६ ऑगस्ट १९६५ ला जॉन्सननी मताधिकार कायद्यावर सही केली, म्हणजे पंधराव्या दुरुस्तीला पंचाण्णव वर्षांनी दात बसवले. (त्यातले काही न्यायालयाने २०१३ मध्ये पुन्हा उपटले.) त्याच काँग्रेसने, वर्णाचं माप पुसायच्या त्याच लाटेत, देशवार कोटाही मोडला, ३ ऑक्टोबरला त्याच जॉन्सननी त्यावर सही केली. काकांचा व्हिसा त्या सहीचा.

मी हे सांगितलं तर काका म्हणाले, “ठाऊक आहे गं मला. माझा थोरला भाऊ साठ सालापासून थांबला होता. शेवटी कंटाळून मँचेस्टरला गेला.” मग पोळ्यांकडे बघत थोडं थांबून, “किती तास लागतात त्या कोलफॅक्सला?”

“चार-पाच. येता का पुढच्या एप्रिलमध्ये?”

“बघू. तिकडे शाकाहारी काही मिळतं का?”